वसंता खांबावर असताना

"पडला," हे म्हणाले.

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच धरून बाहेर आले. "कोण पडलं?"

"शेअर."

मला एकदम हुश्श झालं. आमच्या घरात चौतीस वर्षं 'पडला' म्हणजे खांब, तार, नाहीतर माणूस. शेअरसाठी कुणी एवढं काळवंडून बसतं, हे मला नवीन होतं. मग मी मोबाइलमध्ये डोकावले आणि माझाही चेहरा उतरला, कारण ते खातं माझ्या नावावर होतं.

आमचे हे, म्हणजे अंगदराव, सबस्टेशनवर ऑपरेटर होते. दर तासाला उठायचं, काटे बघायचे आणि कोणत्या लाइनवर किती लोड आहे ते वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं दर तासाला उठलेला माणूस रिटायर झाला म्हणून गप्प बसतो थोडाच? पहिल्या वर्षी यांनी दर तासाला पाण्याच्या टाकीची पातळी लिहिली. नंतर माझं बीपी लिहायला लागले. मी ते मशीनच माळ्यावर टाकून दिलं, तेव्हा कुठे स्वारी शेअर बाजाराकडे वळली.

आणि शेअर तरी कुठले? विजेचेच. "बाई, लोड वाढून राह्यला," म्हणायचे. गावासारखं हेही मला बाईच म्हणतात, कारण एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. "घरोघर एसी लागून राह्यले, शेतात मोटारी वाढल्या. लोड वाढला म्हणजे विजेच्या धंद्याला मरण न्हाई. मी काय आजचा हाये का ह्या लाइनीत?"

यांनी जी कंपनी निवडली ती वीज तयार करत नव्हती की तारा ओढत नव्हती. ती विजेचा बाजार चालवायची. राज्याराज्यांच्या कंपन्या तिथे रोज वीज विकायच्या, घ्यायच्या, आणि ही मध्ये बसून आडत खायची. असे आणखीही बाजार होते, पण हा सगळ्यांत मोठा, म्हणून सगळे इथेच यायचे.

आदल्या संध्याकाळी टीव्हीवर बातमी लागली, वीज बाजारात मोठी सुधारणा. 'सुधारणा' हा शब्द कानावर पडताच हे खुर्चीतून उठले. "बघ! आता सकाळी बघ कसा चढतो!"

मी बातमी पुढेही ऐकली होती. यापुढे सगळ्या बाजारांत विजेचा भाव एकच राहणार होता आणि तो एकाच ठिकाणी ठरणार होता. मी म्हटलं, "अहो, मग त्या मोठ्या बाजाराचं काय राहिलं? धावड्याचे लोक मिरची घेऊन लांबच्या बाजाराला का जातात? तिथे गिऱ्हाईक जास्त, भाव बरा. उद्या सगळीकडे सारखाच भाव मिळायला लागला तर एवढ्या लांब कोण जाईल?"

"तुला मिरचीशिवाय काई दिसत न्हाई," हे म्हणाले.

आणि मी गप्प बसले. पोरांना एकतीस वर्षं ओरडून सांगितलं, आणि घरात मात्र जाऊ दे म्हणून गप्प बसले. मला अजून त्याचाच राग येतो.

हे आमचं एकट्याचं असतं तर मी चार दिवस तणतण केली असती आणि सोडून दिलं असतं. पण यांनी वसंतालाही त्यात उतरवलं होतं.

वसंता लाइनमन. यांच्या हाताखाली पंचवीस वर्षं खांबावर चढलेला माणूस. त्याची लेक प्रियदर्शनी चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. ग्लास पडला तरी "बाई, मी पाडला" असं उठून सांगणारी पोर. तिचा यंदा संभाजीनगरला नर्सिंगला नंबर लागला. शुक्रवारी फी भरायची होती. वसंताने तीन वर्षं बाजूला ठेवलेले फीचे पैसे एप्रिलमध्ये यांच्या, म्हणजे त्याच्या भाऊंच्या, सांगण्यावरून त्या शेअरमध्ये टाकले, म्हणजे होस्टेलचंही त्यातच भागेल. त्याच आदल्या संध्याकाळी त्याने फोन केला होता. "भाऊ, शुक्रवार आला. सकाळी काढून टाकू का?" हे म्हणाले, "येडा का तू? सुधारणा आली. चढू दे, मंग काढ."

तर आता सव्वानऊला बाजार उघडला होता आणि शेअर उघडताच दहा टक्के खाली.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"थांब जरा. ट्रिप झाला असंल. वारं सुटलं की फीडर ट्रिप होऊन बंद पडतो, पाच मिन्टांनी चार्ज केला की बराबर ऱ्हातो."

"हा तुमचा फीडर नाही!" मी पिठाच्या हातानेच मोबाइल ओढून घेतला आणि आमचे सगळे शेअर विकून टाकले. शाळेत ऑनलाइन हजेरी भरून भरून मला एवढं नक्की येतं. दोन मिनिटं लागली. "आता वसंताला फोन लावा. त्याला म्हणावं, आत्ताच्या आत्ता विक."

हे फोन लावणार तोच वसंताचाच फोन आला.

हा फोन रोजच यायचा. चढण्याआधी सबस्टेशनवरून लाइन बंद झाल्याचं परमिट घ्यावं लागतं. हे नोकरीत होते तोवर वसंता फोनवर विचारायचा, "चढू का भाऊ?" आणि हे म्हणायचे, "चढ." त्या शब्दावर तो वर जायचा. आता तिथे दीपमाला नावाची पोरगी ऑपरेटर आहे. हुशार आहे, नियमाने परमिट देते. पण वसंता तिच्याकडून परमिट घेऊन झालं की पुन्हा यांना फोन करतो. यांच्या तोंडून 'चढ' ऐकल्याशिवाय त्याचा पाय उचलत नाही. दोन वर्षांपासून हा दोघांचा खुळेपणा चालू होता आणि मला तो आवडायचाही.

यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"भाऊ, नदीकडच्या वस्तीवर हाये. रविवारच्या वाऱ्यात खांब गेल्ता ना, नवा उभा केला. तार ओढायचीये. मॅडमनं परमिट देलं." मग हसून म्हणाला, "आपलं काय म्हनते? चढलं का?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी हातानेच खूण केली, सांगा, सांगा.

"बघतो," हे म्हणाले. "तू तुझं काम कर."

"मंग चढू का भाऊ?"

"चढ."

फोन बंद झाला. मी ओरडलेच. "तोंडात काय बोळा कोंबला होता का? लेकराच्या फीचे पैसे आहेत ते!"

"खांबावर चढणाऱ्या मान्साला वाईट बातमी सांगायची नस्ती," हे हळू आवाजात म्हणाले.

मला माहीत होता तो नियम. कोणत्या पुस्तकात नाही, पण लाइनवरचे सगळे पाळतात. हे धावड्याला होते तेव्हा पुंजाराम नावाचा लाइनमन वर असताना खालून कुणीतरी ओरडून सांगितलं, की तुझी आई गेली. त्याने बेल्ट सोडला तो सोडलाच. आठ दिवस दवाखान्यात होता. तो निरोप सबस्टेशनवर आला होता आणि पुढे धाडला होता यांनीच. त्यानंतर कुणाच्या घरी काहीही झालं तरी, माणूस खाली येऊन पाणी पिईपर्यंत हे तोंड उघडायचे नाहीत.

"पण तो चढला नव्हता ना अजून! खालीच होता! म्हणायचं होतं, चढू नको, आधी शेअर विक."

"आन् मंग? चढाया तर लागलंच असतं. तीन वस्त्या दोन दिवसांपून अंधारात हायेत. परमिट घेतलेलं हाये. विकले असते, पैसे गेलेले बघितले असते, आन् तसाच वर गेला असता. हात कापत असलेला मानूस वर धाडू का मी?"

हे बरोबर होतं. आणि बरोबर होतं म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. हे असे अर्धे बरोबर असतात ना, तिथे माझं काहीच चालत नाही.

पावणेदहाला शेअर चौदा टक्के खाली होता. मी गॅस बंद केला, लाटलेली पोळी तशीच पोळपाटावर टाकली आणि स्कूटीची किल्ली घेतली.

"बसा मागे."

"कुठं?"

"तुमच्या फीडरवर!"

जाताना फाट्यावर चहाच्या टपरीपाशी दोघांनी हात करून गाडी थांबवली. "ऑपरेटरसाहेब, लाइट कधी येनार हो? दळन पडलंय दोन दिवसांचं." दोन वर्षं झाली यांना रिटायर होऊन, पण लोकांना पटत नाही, आणि यांना तर अजिबातच नाही. "एक वाजेस्तोवर येते," हे मागून रुबाबात म्हणाले. मी गाडी अशी काढली की रुबाब सांभाळायला यांना माझा खांदा धरावा लागला.

वस्तीच्या अलीकडे मक्याच्या शेताच्या बांधावर नवा खांब दिसला. वर वसंता बेल्टला रेलून उभा. खाली दुसऱ्या खांबापाशी दोघेजण तार ताणून धरलेले. आम्हाला बघून त्याने वरूनच हात केला. खूश झाला होता. त्याला वाटलं, भाऊ काम बघायला आले.

मी गाडी लावली आणि वर्गात मारायची तशी हाक मारली, "वसंता! जरा खाली ये रे बाबा. काम आहे."

यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"आता न्हाई वहिनी," वरून आवाज आला. "तार ताणलीये. आता सोडली तर समदं पुन्यांदा करा लागंल. काय अर्जंट हाये का?"

मनगटावरची पकड आणखी घट्ट झाली.

"नाही," मी म्हटलं. "सावकाश ये."

बघा, मीही तेच केलं. वाटेत यांना एवढं बोलत आले, आणि खांबाखाली उभं राहून वर बघितल्यावर माझ्याही तोंडून तेच निघालं.

त्याचा मोबाइल मोटारसायकलच्या पिशवीत होता. माझी नजर सारखी तिकडे जायची. पण तो उघडायला त्याचंच बोट लागणार होतं, आणि ते बोट पंचवीस फूट वर होतं.

आम्ही बाभळीखाली बसलो. हे दर पाच मिनिटांनी भाव बघायचे. सतरा. एकोणीस. मध्ये एकदा अठरा झाला तर म्हणाले, "बघ, चार्ज झाला." पुढच्या वेळी एकवीस.

"ठेवा तो फोन खिशात."

"मला काय ठाव होतं, बाई? सुधारणा म्हन्ले ना ते."

"अहो, नोकरीत कधी सुधारणा बघितल्या नाहीत का तुम्ही? बोर्डाची कंपनी झाली तेव्हा सुधारणाच होती. नवी पाटी आली, नवे फॉर्म आले, आणि माणसं कमी झाली. तेव्हा तुम्हीच महिनाभर शिव्या घालत होतात की. सुधारणा म्हणजे कुणाचं तरी वाढणार आणि कुणाचं तरी जाणार. कुणाचं जाणार ते नको का बघायला?"

"लोड तर वाढूनच राह्यला ना," हे म्हणाले. आता आवाजात जोर नव्हता.

"लोड वाढला तर वीज जास्त खपेल. ती कुणाच्या बाजारात खपेल ते कोण सांगणार? तुमचा काटा?"

हे मातीत काडीने रेघा ओढत बसले. मला वाईट वाटलं आणि त्याचाही राग आला. त्या पुंजारामनंतर या माणसाने एकही चूक होऊ दिली नाही. याच्या शब्दावर माणसं वर गेली आणि सगळी नीट खाली आली. रिटायरमेंटच्या कार्यक्रमात साहेबापेक्षा लाइनमनच जास्त रडले होते. मग कुठून ही अवदसा आठवली म्हणते मी! टाकीची पातळी लिहीत बसले असते तर काय बिघडत होतं?

"वसंताचा फरक आपण भरून द्यायचा," मी म्हटलं.

"द्यायचाच," हे लगेच म्हणाले. बहुतेक सकाळपासून त्यांच्याही मनात तेच असावं.

सव्वाबारा वाजता वसंता खाली आला. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. आधी बाटली तोंडाला लावली. हे उठून उभे राहिले, पण पाणी पिऊन होईपर्यंत थांबले. वसंताने तोंड पुसलं आणि आधी फोन काढला तो सबस्टेशनला लावायला. "मॅडम, वसंता बोलून राह्यलो. काम झालं. लाइनवर कुणी न्हाई, समदे खाली हायेत. चार्ज करा." मग यांच्याकडे वळला. "काय भाऊ, आज वहिनीला घेऊन इकडं कसं काय?"

"वसंता, आपला शेअर पडला."

"किती?"

"चौथा हिस्सा गेला. थोडा जास्तच."

वसंता खांबाकडे बघत राहिला. "कव्हा?"

"उघडल्या उघडल्या दहा टक्के. बाकीचा तू वर असताना."

"मी फोन केल्ता तव्हा पडलेला होता?"

"होता."

वस्तीवर लाइट आली. कुठल्यातरी घरात टीव्ही सुरूच राहिलेला असावा, त्यावरचं गाणं एकदम मोठ्याने ऐकू आलं. पोरं ओरडली.

"मंग तुमचेबी गेले असतील," वसंता म्हणाला. आवाजात राग नव्हता. उलट त्याला यांचं वाईट वाटत होतं.

हे घुटमळले. "आपले..." एवढंच म्हणाले. पुढे काय म्हणणार ते मला कळलं. हो म्हणून टाकणार होते. त्याच्या बरोबरीने आपणही बुडालो म्हटलं की त्याला तेवढाच धीर, आणि यांनाही.

"आमचे मी विकले," मी म्हटलं. "तू फोन करायच्या पाच मिनिटं आधी."

वसंताने माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. पिशवीपाशी उकिडवा बसला आणि मोबाइलवर बोट टेकवलं. उघडेना. बोटाला ग्रीस होतं. पँटला पुसलं, पुन्हा टेकवलं. तिसऱ्यांदा उघडला. हे पुढे झाले. "थांबायचं असंल तर..." वसंताने मान वर केली नाही. विचारलंही नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तो यांना न विचारता काहीतरी करत होता. दोनदा बोट दाबलं आणि म्हणाला, "इकले."

"वसंता, ऐक," मी म्हटलं. "जेवढे कमी पडतात तेवढे आम्ही देणार. आजच. नाही म्हणू नको. प्रियदर्शनी माझी विद्यार्थिनी आहे."

"न्हाई वहिनी."

"अरे, यांनी सांगितलं म्हणून तू..."

"भाऊनं सांगितलं, पर घेतले मी. शेअर पडतेत, येवढं मलाबी कळतं. त्याचं काई न्हाई." तो थांबला. हातातला मोबाइल उगीचच पुसत राहिला. "पर भाऊ, तुम्ही 'चढ' म्हन्ले. तुम्ही चढ म्हन्ले म्हंजे मी समजतो, समदं बंद हाये, कुठंच काई धोका न्हाई. येवढ्या वर्सांत मी कधी तार हात लावून बघितली न्हाई."

पुंजारामचं नाव घेतलं असतं तर वसंताला कळलं असतं. त्यालाही तो नियम माहीत होता, त्याने स्वतः पाळला होता. पण यांनी ते नाव घेतलं नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. हे दोन शब्द मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले, आणि मला मुळीच बरं वाटलं नाही.

"बसा, जेवू," वसंता म्हणाला. "वहिनी, तुमीबी सकाळपून उपाशी दिसता."

आम्ही नको नको म्हणत होतो तरी त्याने बाभळीखाली फडकं पसरलं. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. भाकरीचे तीन भाग केले. यांच्या हातात देताना बघितलं मात्र माझ्याकडे. मी घास तोंडात घातला. हे भाकरी हातात धरून नुसते बसले.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाव बघून त्याने घास गिळला, घसा साफ केला.

"हा, बोल माय."

प्रियदर्शनी एवढ्या आनंदात बोलत होती की आम्हालाही शब्द न् शब्द ऐकू येत होता. कॉलेजातून फोन आला होता. शुक्रवारी अकराच्या आत या म्हणाले. सकाळची एसटी तिने बघून ठेवली होती. खोलीत तिच्याबरोबर परतूरची एक मुलगी असणार होती. "पप्पा, पैसे काढले ना?"

वसंता समोरच्या मक्याकडे बघत होता.

"माय, आता खांबावर हाये मी," तो म्हणाला. "वर हाये. खाली आलो की बोलतो."

"अगोबाई! बरं बरं, ठेवते. बेल्ट नीट लावा, पप्पा. सावकाश उतरा."

फोन बंद झाला. वसंता मातीत मांडी घालून बसला होता. फोन त्याने फडक्यावर पालथा ठेवला, आणि ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली.